ओढली की सुटणारी गाठ

ती घटना आठवली की आजही बुटाची नाडी बांधताना माझा हात थबकतो. निवृत्तीनंतर रोज सकाळी फिरायला जातो. दारात वाकून तसाच थांबलेला मला पाहून बायको विचारते, "कंबर धरली का?" कंबर धरलेली नसते. पोलीस खात्यात तीसेक वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, वैनगंगेतून काढलेली प्रेतं पाहिली. त्यातलं बरंचसं विसरलो. एका हातमागावरचे कापलेले धागे मात्र विसरता आले नाहीत. त्या प्रकरणात कोणी मेलं नाही, कोणाच्या घरची वस्तू चोरीला गेली नाही. गुन्हा काय, तर घरात शिरून आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूचं जाणूनबुजून केलेलं नुकसान. त्या लोकांची मुलंबाळं अजून त्याच गल्लीत राहतात, म्हणून कोणाचं नाव लिहीत नाही.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरची गोष्ट. जिल्हा फुटला, तशी कपाटं, फायली आणि माणसं यांचीही वाटणी सुरू झाली. माझ्या वाट्याला मोहाडी तालुक्याच्या बाजूचं एक लहानसं ठाणं आलं. आमच्याकडे ठाण्याच्या प्रमुखाला लोक 'ठाणेदार साहेब' म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं, पण ठाण्यात एकच जीप होती आणि ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. त्याच सुमारास माझ्या तुकडीतल्या एका मित्राला पदक जाहीर झालं. पेपरात फोटो आला. मी पेपर हवालदारापुढे सरकवला, "आपला दोस्त आहे" म्हणालो, आणि मग दिवसभर दिसेल त्याच्यावर खेकसत राहिलो. दोघांनी एकाच मैदानावर कवायत केली होती. तो तिकडे नागपुरात, आणि मी इथे बकऱ्यांच्या चोऱ्या लिहून घेत बसलेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे बिघडलं त्यात माझ्या या जळफळाटाचाही हात होता.

ठाण्याच्या हद्दीत विणकरांची एक जुनी गल्ली होती. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणारी घरं एके काळी पुष्कळ होती, माझ्या वेळेपर्यंत मोजकी उरली होती. त्यातही करवतीच्या दात्यांसारखा काठ विणणारे दोनच. एक सत्तरीला आलेले, त्यांना सगळं गाव 'काकाजी' म्हणायचं. दुसरा पस्तिशीचा, काकाजींच्याच मागाशेजारी बसून शिकलेला. त्याला इथे मी नुसतं 'विणकर' म्हणतो. विणकराची एक साडी राज्याच्या हातमाग स्पर्धेसाठी पहिल्या फेरीत निवडली गेली होती. ती मागावर अर्धी विणून झाली होती. हातमाग खात्याचे अधिकारी येऊन मागावरचं काम प्रत्यक्ष पाहणार आणि मग ती पुढे जाणार की नाही ते ठरणार. त्यांच्या येण्याची तारीख ठरलेली होती. त्या कुटुंबाला उभ्या आयुष्यात अशी संधी पहिल्यांदाच आली होती.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसभर जत्रा, दंडारीची नाच-नाटकं, पाहुण्यांची वर्दळ. त्या गावच्या मंडईच्या दिवशी दुपारी विणकरांची गल्ली ओस पडली होती. बंदोबस्तावर मी स्वतः उभा होतो. ऊन कलल्यावर विणकर धावत आला. चेहरा पांढराफटक, पायात चप्पल नाही.

"साहेब, माग कापला जी कोणी तरी," एवढंच म्हणाला आणि खालीच बसला.

आम्ही घरी गेलो. घराला कडी होती, कुलूप नव्हतं. त्या गल्लीत कोणी कुलूप लावत नसे. खड्ड्याच्या मागावर विणलेली साडी जशीच्या तशी होती, तिला ओरखडाही नव्हता. पण फणीच्या मागे ताण्याचे उभे धागे आडवे कापलेले होते. हजारो धागे, केसासारखे बारीक. विणकराची बायको भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, नुसती मागाकडे पाहत होती.

पंचनामा करायचा म्हणजे पंच हवेत, आणि मागाचे भाग ठाऊक असलेला माणूस हवा. मी काकाजींना बोलावणं पाठवलं. ते लगेच आले, अंगात स्वच्छ कुडता. दुसरा पंच समोरचा किराणावाला. काकाजी एकेका भागाला हात लावून नाव सांगत गेले, हवालदार लिहीत गेला. हा हवालदार अड्याळचा, निवृत्तीला आलेला, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण जे दिसलं ते लिहिणार म्हणजे लिहिणार. त्याला दिसलं, की कापलेल्या धाग्यांचे मूठमूठ जुडगे करून त्यांना गाठी मारल्या आहेत. कापलेल्या जागेच्या अलीकडेही आणि पलीकडेही. तो ते लिहू लागला.

काकाजी म्हणाले, "ते कायले लिहिता जी? ते तं नेहमीचंच असते."

"डोळ्याले दिसलं ते लिहिलं, काकाजी," हवालदार म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एक जुडगा गाठीसकट कापून नमुना म्हणून लिफाफ्यात घेतला, लाखेचं सील लावलं. मग खोलीला कुलूप घातलं, त्यालाही सील. ठसे घेणारा आणि फोटो काढणारा माणूस जिल्ह्याहून येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या एका बातमीदाराने छापलं. 'स्पर्धेसाठीची साडी कापली, ठाणेदारांचा कसून तपास.' खाली माझं नाव. वरिष्ठांचा फोन आला, "लक्ष घाला." मी लक्ष घातलं. खरं म्हणजे मला त्या साडीपेक्षा आपल्या नावाचं जास्त पडलं होतं. पदक मिळालेल्या त्या मित्राने तो पेपर पाहिला असेल का, हाही विचार मनात येऊन गेला.

विणकराची बायको एक दिवसाआड ठाण्यात यायची. दारातच उभी राहायची.

"साहेब, कुलूप काढून द्या ना. काकाजीले बोलावतो, तार सांधून घेतो. आता बी झालं तं होऊन जाते. त्यायच्याशिवाय एवढे तार सांधणारं कोणी नाई गावात."

"तपास सुरू आहे, बाई. पुरावा आहे तो."

"पण तारीख जवळ येऊन राहिली जी."

"येऊ द्या. गुन्हेगार सापडायला नको का?"

ती परत जायची. फोटोवाल्यासाठी मी दोन पत्रं पाठवली. वाटणीनंतर जिल्ह्याला एकच फोटोवाला उरला होता, आणि तो बिचारा कुठे कुठे पुरणार? तो काही आला नाही. कुलूप मात्र मी काढलं नाही.

मग खबर मिळाली. बसस्टँडवरचा पानठेलेवाला माझा जुना खबरी. त्याने सांगितलं, की विणकराच्या शेजारी तलावात मासे धरणारा एक जण राहतो. तो आपली ओली जाळी दोघांच्या मधल्या भिंतीवर वाळत घालतो. त्या वासाने कोशाचे धागे बाटतात म्हणून दोन घरांत महिनाभर धुसफूस सुरू होती. आणि मंडईच्या आदल्या दिवशी तो मासेवाला गल्लीच्या मधोमध ओरडला होता, "एक दिवस तुहा कोसाच कापून टाकतो!"

मला हवालदाराचा पंचनामा आठवला. गाठी! मी विणकराला आणि त्याच्या बायकोला वेगवेगळं बोलावून विचारलं, की त्या गाठी कोणी बांधल्या. ती म्हणाली, "मी नाई जी. मले वाटलं यायनं बांधल्या." तो म्हणाला, "मले वाटलं हिनं बांधल्या." म्हणजे ज्याने कापलं त्यानेच बांधल्या. आणि गाठी मारण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस कोण? जाळं विणणारा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निदान मला तसं वाटलं.

मासेवाल्याला मी दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. 'बसवून ठेवणं' हा आमच्या खात्यातला शब्द आहे. अटक नाही आणि सुटकाही नाही. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं, मधे बाकावर बसवायचं. तो प्रत्येक वेळी एकच सांगायचा, "बोललो जी, रागात बोललो. पण कापलं नाई." पहिल्या दिवशी मी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी वेगळी युक्ती केली. मुद्देमाल बांधायची सुतळी त्याच्यापुढे टाकली.

"बांध गाठ."

त्याने न पाहता दोन बोटांत गाठ मारली. मी सोडायला गेलो. नखं दुखायला लागली, पण गाठ हलेना. हवालदाराने दातांनी प्रयत्न केला, त्यालाही जमलं नाही.

मासेवाला म्हणाला, "आमची गाठ सुटत नाई, साहेब. सुटली तं मासोळी जाते."

मी लिफाफा फोडून नमुन्याचा जुडगा त्याच्यापुढे धरला. हे नियमात बसणारं नव्हतं, पण मी केलं. त्याने हात लावला नाही, नुसता वाकून पाहिला.

"ही तं ओढली का सुटते जी. ज्याले उद्या सोडाची हाय, तोच अशी बांधते."

मी एक टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. आपण बुटाची नाडी सोडतो तशी.

मी धागे टेबलावर ठेवले. मग हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, गाठीचं लिहू नका म्हणून काकाजी म्हणत होते. आठवते का?"

आठवलं. मी मासेवाल्याला जायला सांगितलं. तो उठला, गमछा झटकला आणि दारात थांबून म्हणाला, "घरी काय सांगू जी, दोन दिवस कायले बसवलं होतं?" "चूक झाली" असं सरळ म्हणायला हवं होतं. तेव्हा तोंडातून निघालं नाही.

त्याच दुपारी काकाजींना बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. चौकशीच्या माझ्या काही पद्धती होत्या. कोणाला ताटकळत ठेवायचं, कोणापुढे फाईल चाळत बसायचं. त्या दिवशी यातलं काहीच केलं नाही. टेबलावर जुडगा ठेवला आणि विचारलं, "काकाजी, ह्या गाठी उद्या कोण सोडणार होतं?"

त्यांनी चष्मा काढला, कुडत्याच्या टोकाला पुसला, परत लावला.

"मीच जी," ते म्हणाले.

इतकी सहज कबुली मी नोकरीत पुन्हा कधी ऐकली नाही. पुढचं त्यांनीच सांगितलं.

"मागल्या महिन्यात हातमागाच्या ऑफिसातले दोन साहेब आले होते. जीप माह्याच दारापुढं थांबली. मी म्हटलं, आले बाप्पा एकदाचे. घरात जाऊन हा कुडता घातला. बाहेर आलो तं ते म्हणतेत, बाबा, करवती काठ विणणाऱ्याचं घर कोणतं? मी काय म्हणणार? मीच नेलं त्यायले त्याच्या घरी. बोट धरून नेल्यासारखं नेलं. तिथं खुर्च्या मांडल्या. साहेब बसले, तो बसला. मी भिंतीले टेकून उभा. साहेबानं काठावरून हात फिरवला, म्हणे असा काठ आम्ही पाह्यलाच नाई. मी त्याच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो. म्हटलं आता सांगल, काकाजीनं शिकवला म्हणून. त्यानं खाली मान घातली. चाय आली. मलेही देली."

"मग?"

"मंग काय जी. घरी आलो. त्या दिवसापासून अन्न गोड लागलं नाई. बायको विचारे, काय झालं? काय सांगू तिले? त्याच्या मागाचा आवाज आला का छातीत कसंतरी होये. त्याचं वाईट व्हावं असं वाटे, अन् मंग मलेच माही लाज वाटे. माह्या मांडीले मांडी लावून शिकला जी तो. पहिला धोटा त्याच्या हातात मी देला."

"म्हणून कापलं?"

"नाश कराले नाई कापलं!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साडीले पातं लावलं का मी? विणलेल्यावर माहा हात चालत नाई. तार कापले. सांधता येतील असे कापले, गुंता होऊ नाई म्हणून दोन्हीकडून बांधून ठेवले. म्हटलं, आता मलेच बोलावल. एवढे तार दुसरं कोण सांधते? चार-पाच दिवस बसीन, सांधून देईन. साहेब येतील तवा म्हणल, काकाजी होते म्हणून झालं. एवढंच पाह्यजे होतं जी मले. बोलावणं यावं, एवढंच."

चहावर साय धरली होती.

"बोलावणं आलं बी. पण पंच म्हणून आलं. अन् मंग तुम्ही कुलूप लावलं."

मला त्या क्षणी खुर्चीतून उठून बाहेर जावंसं वाटलं. विणकराची बायको दारात उभी राहून काय म्हणत होती ते माझ्या कानात होतं. काकाजीले बोलावतो. ती दर वेळी हेच म्हणत होती. या म्हाताऱ्याला जे हवं होतं ते त्याच्या घरापासून चार पावलांवर तयार होतं, आणि मधे माझं कुलूप होतं. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग विचारलं, "किती दिवस राह्यले जी?"

"चार."

"तं चला. आताच चला. रात्रंदिवस बसलो तं होते."

मी कागदपत्रं उरकली, जामिनाचं केलं, काकाजींना सोबत घेतलं आणि स्वतः जाऊन सील फोडलं. अकरा दिवस खोली बंद होती. आत कोंदट वास होता. विणकर आणि त्याची बायको मागे उभे. मी जमेल तसं समजावून सांगितलं, की कोणी केलं आणि का केलं. मला वाटलं, मी मध्यस्थी केली की काम होईल. पोलिसाला हा एक भ्रम असतो, की आपण बोललो म्हणजे मिटलं.

विणकराने कापलेल्या धाग्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "साहेबलोकांपुढं मले बोलणंच येत नाई जी. जीभ टाळूले चिपकते. म्हणून बोललो नाई त्या दिवशी. पण फारमात लिहिलं होतं ना मी. कला कोणाकडून शिकलात म्हणून विचारलं होतं, तिथं काकाजीचंच नाव हाय. तारखेच्या दिवशी त्यायलेच मागावर बसवणार होतो. हिले विचारा."

बायकोने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून आता पाणी यायला लागलं.

"मग बोलाव त्यांना," मी म्हणालो. "बाहेर उभे आहेत."

"नाई."

"अरे, चार दिवस आहेत."

"राहू द्या जी. साडी गेली तं गेली. पण तो हात माह्या मागाले लागू देणार नाई."

काकाजी अंगणात उभे होते. मी त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. भिंत पातळ होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वळले आणि आपल्या घराकडे चालू लागले. शेजारचा मासेवाला भिंतीवरची जाळी काढत होता, तो हातातलं काम थांबवून पाहत राहिला.

नवरा-बायकोने चार दिवस जिवाचं रान केलं. जेवण नाही, झोप नाही. एक तार सांधावी तर दुसरी सुटावी. तारखेला अधिकारी आले तेव्हा अर्धाही ताणा सांधून झाला नव्हता. त्यांनी हळहळ व्यक्त केली, नोंद केली, चहा घेतला आणि गेले. त्यांची काही चूक नव्हती. त्या वर्षी ती साडी पुढे गेली नाही. मी बंदोबस्ताचं निमित्त करून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. आत जायची हिंमत झाली नाही.

काही महिन्यांनी तालुक्याच्या कोर्टात प्रकरण उभं राहिलं. तडजोड झाली. विणकराने सही केली, काकाजींनी सही केली, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. कोर्टातून बाहेर पडताना काकाजींनी माझी बाही धरली.

"साहेब, ते फारम तुमच्या फाइलीत हाय का?"

होतं. विणकराने पुरवणी जबाबासोबत त्याची प्रत दिली होती. मी व्हरांड्यात फाईल उघडून तो रकाना दाखवला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. त्या काही महिन्यांत मोतीबिंदू वाढला होता. मग त्यांनी कागद माझ्याकडे दिला.

"वाचून दाखवा जी."

मी त्यांचं पूर्ण नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"अजून एकदा."

मी पुन्हा वाचलं. आजूबाजूला वकील, पक्षकार, चहावाले यांची गर्दी होती. ते कान देऊन ऐकत होते. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही, मीच वाचलं. मग ते म्हणाले, "अक्षर चांगलं हाय पोराचं," आणि गमछ्याने तोंड पुसत बसस्टँडच्या दिशेने गेले. त्या दिवसानंतर ते कधी मागावर बसले नाहीत असं मला हवालदाराने सांगितलं. दोन-तीन वर्षांत ते वारले. विणकर मातीला गेला होता म्हणतात, पण खांदा दिला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? नोकरीत लोभापायी गुन्हा करणारे खूप भेटले. ते ओळखायला सोपे असतात. ज्याला काही घ्यायचं नसतं, फक्त आपल्याला कोणी विचारावं असं वाटत असतं, तो माणूस ओळखता येत नाही. तो स्वच्छ कुडता घालून पंच म्हणून आपल्याच शेजारी उभा असतो. मी काकाजींना ओळखायला हवं होतं, कारण मित्राच्या पदकाची बातमी वाचून मी स्वतः तसाच दिवसभर लोकांवर खेकसलो होतो. फरक एवढाच, की त्यांच्या हातात पातं होतं आणि माझ्या हातात कुलूप. पात्याने कापलेलं सांधता आलं असतं. कुलपाने जे केलं ते सांधता आलं नाही. माझ्या सेवापुस्तकात या तपासाची चांगली नोंद आहे. ती नोंद मी आजपर्यंत कोणाला दाखवली नाही.

निवृत्तीनंतर भंडाऱ्यात एका प्रदर्शनात विणकर भेटला. केस पांढरे झाले होते. त्याने मला ओळखलं, उठून नमस्कार केला, बायकोची खुशाली सांगितली. पुन्हा स्पर्धेत भाग घेतो आहे म्हणाला. अर्जाचे कागद तिथेच टेबलावर पडले होते. त्याने ते कौतुकाने माझ्यापुढे केले. नाव, गाव, साडीचा प्रकार, किती वर्षांचा अनुभव, सगळं नीट भरलेलं होतं. 'कला कोणाकडून शिकलात' हा एकच रकाना कोरा होता.

मी त्यावर बोट ठेवलं.

"दरवर्षी राहून जाते जी," तो म्हणाला. "लिहाले घेतो अन् हात थांबते. दुसरं नाव लिहिलं तं खोटं होते. अन् त्यायचं लिहवत नाई."

आयुष्यभर मी लोकांना समोर बसवून जबाब लिहायला लावले होते. त्या माणसाला "लिही" एवढं म्हणणं मला जमलं नाही. मी कागद त्याला परत दिले.